आठव्या डावातला चेंडू

"काका, काय देता? हिट की एरर?"

तायडे सर बाकावरून ओरडले तेव्हा समोरच्या संघाचे दोन गडी होमवर पोचून एकमेकांना मिठ्या मारत होते. त्यांचा फलंदाज पहिल्या बेसवर उभा राहून पँटची धूळ झटकत होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली जागा राखणाऱ्या आमच्या शॉर्टस्टॉपनं, म्हणजे आनंदनं, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले होते आणि तो जमिनीकडे बघत होता. मधल्या मातीच्या उंचवट्यावर चेंडू टाकणारा आमचा पिचर सुखदेव उभा होता. तो माझ्याकडे बघत होता.

माझ्या हातात पेन्सिल होती आणि वहीवर रबराचा चुरा.

"हिट," मी म्हणालो.

सुखदेवनं मान हलवली, वळला आणि पुढच्या गड्याला तीन चेंडूंत बाद केलं. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्या दोन धावांनी सामना गेला. पाच-चार.

या गोष्टीला तीस वर्षं झाली. परतवाड्यात तेव्हा बेसबॉलचा संघ होता असं आज सांगितलं तर लोक हसतात. पण होता. तायडे सर शाळेत पी.टी. शिकवायचे. कुठल्याशा शिबिरात ते हा खेळ शिकून आले आणि त्यांनी गावातली तेरा-चौदा पोरं जमवली. कापसाच्या जिनिंगमागं मोकळं मैदान होतं. वारा सुटला की तिथं कापसाचे पुंजके उडत यायचे आणि फलंदाज भलत्याच पांढऱ्या गोष्टीवर बॅट फिरवायचे. विदर्भातल्या सहा संघांची लीग होती. दर रविवारी एक सामना, असे दहा.

मी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होतो. खेळाशी माझा संबंध एवढाच की कुणीतरी दान दिलेल्या पेटीत बेसबॉलच्या नियमांचं इंग्रजी पुस्तक निघालं आणि ते मी सवयीनं अथपासून इतिपर्यंत वाचलं. हे तायडे सरांना कळलं. "देवपुजारी काका, तुम्ही आमचे स्कोअरर," ते म्हणाले. मी नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हणण्यासाठी जो एक ठामपणा लागतो तो मला कधी जमला नाही, म्हणून मी हो म्हणालो.

आणि मग, कबूल करायला हवं, मला ते काम फार आवडलं. नियमांचं मी मराठी करून एका दोनशे पानी वहीत उतरवलं. प्रत्येक सामन्याला एक पान, प्रत्येक चेंडूला एक खूण. माझं अक्षर चांगलं आहे. पान कुठं खोडलेलं, गिरगटलेलं दिसता कामा नये यासाठी मी फार जपायचो. पोरं पान बघायला गर्दी करायची. "काकाची वही म्हणजे छापील पुस्तक वाटते," असं म्हणायची.

त्या नियमांत एक गोष्ट होती जी मला आवडायची आणि जिची भीतीही वाटायची. मारलेला चेंडू क्षेत्ररक्षकाच्या जवळून निसटला, तर ती फलंदाजाची करामत की क्षेत्ररक्षकाची चूक, हे पंच ठरवत नाही. स्कोअरर ठरवतो. एकटा. करामत असेल तर हिट, आणि त्यातून झालेल्या धावा पिचरच्या नावावर. चूक असेल तर एरर, आणि धावा पिचरच्या माथी नाहीत. एकदा दिलेला निर्णय सामना संपल्यापासून चोवीस तासांत स्कोअररला बदलता येतो. त्यानंतर देवालाही नाही.

त्या दिवशी यावर बरंच काही अडलेलं होतं. पाच सामने झाले होते, निम्मा हंगाम. आमची फलंदाजी यथातथाच. पहिले तीन सामने आम्ही जिंकलो ते सुखदेवच्या उजव्या हातावर. चौथा गेला, पाचवा हा असा. पण निम्म्या हंगामाची आकडेवारी नागपूरला जायची होती. राज्याच्या शिबिरासाठी तिथं पिचर निवडले जाणार होते आणि अट साफ होती. पाच पूर्ण सामने, आणि एका सामन्यामागं पिचरच्या नावावर सरासरी तीनपेक्षा कमी धावा. शिबिराचं प्रमाणपत्र मिळालं की वनखात्याच्या भरतीत खेळाडूंच्या जागेसाठी अर्ज करता येत होता.

सुखदेव कास्देकर चिखलदऱ्याकडच्या एका कोरकू पाड्यातला. लाकडाच्या डेपोत ओंडके लावायचं रोजंदारीचं काम करायचा. बावीस वर्षांचा, बोलायला कमी.

त्या संध्याकाळी कँटीनवर चहा पिताना तो माझ्याजवळ येऊन बसला. खुणा वाचायला मी त्याला शिकवलं होतं. त्यानं वही मांडीवर घेतली, आठव्या डावाच्या चौकटीवर बोट ठेवलं.

"मंग किती झाले काका?"

मी हिशेब आधीच केला होता. एरर दिली असती तर दोन पूर्णांक आठ. हिट दिल्यानं तीन पूर्णांक दोन.

"तीनच्या वर," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला. वही मिटून त्यानं माझ्या हातात दिली, चहाचा कप विसळून ठेवला आणि सायकल काढून गेला.

दुसऱ्या दिवशी सोमवार, वाचनालयाची सुट्टी. सकाळी साडेआठला आनंद माझ्या घरी आला. तायडे सरांचा हा सख्खा भाचा. एरवी गल्लीच्या तोंडापासून हाका मारत येणारा पोरगा, त्या दिवशी मुकाट्यानं ओट्यावर उभा राहिला.

"काका, एरर लिहा."

"कसली?"

"कसली म्हणजे? कालची. माह्या पायातून गेला तो बॉल. सरळ सोपा होता. बसलोच नाई मी खाली."

"तिथं जमीन उंचसखल आहे आनंद. चेंडू उसळला असेल."

"असेल?" तो माझ्याकडे बघत राहिला. "तुमी तर पायलं ना! दहा हातांवर टेबल होता तुमचा. मंग हिट कायले देली? मामाच्या भ्यावानं?"

"नाही रे."

"लोक तेच म्हनून राह्यले. कँटीनवर आपल्या टीमचा तो गोलू काय म्हने मायतीये? म्हने, काकानं तायड्याच्या भाच्याले वाचोलं आन् जंगलातल्या पोराले बुडोलं. माह्या तोंडावर म्हनलं त्यानं. मी आता सुखदेवपुढं कोनतं तोंड घेऊन जाऊ?"

मी ओट्याच्या कडेला बसलो. त्यानंही मग बूड टेकलं.

"तू त्याचा मित्र म्हणून असं सांगतोयस का?" मी विचारलं.

"आता काय बोलावं बाप्पा तुमाले!" तो उसळून उभा राहिला. "चूक केली त मी म्हनतो केली. अन् तुमी म्हनता नाई केली. असा स्कोअरर पायला नाई मी."

तो गेला. जाताना फाटक आपटलं.

दुपारी दोनपर्यंत मी नियमांची वही चाळत होतो. 'शंका असेल तर फायदा फलंदाजाला द्यावा.' हे वाक्य मीच तीन महिन्यांपूर्वी सुवाच्य अक्षरात उतरवलं होतं आणि रविवारी तेच माझ्या मदतीला धावून आलं होतं. आता ते पुन्हा पुन्हा वाचलं, पण कालच्याइतकं ते माझ्या बाजूचं वाटेना.

शाळेत गेलो. तायडे सर पी.टी.च्या खोलीत आकडेवारीचे कागद लिफाफ्यात घालत होते. वर पत्ता लिहून झाला होता, डिंक लावायचा बाकी होता.

"बरं झालं आलात. सही राहिली तुमची. चारच्या नागपूर गाडीच्या कंडक्टरजवळ द्यायचंय. नागपूरला आपला माणूस स्टँडवर उभा राहणार आहे."

"सर, कालच्या त्या चेंडूबद्दल."

"आनंद आला होता ना तुमच्याकडे?" ते हसले. "माझ्याकडेही आला होता. मी सांगितलं त्याला, जास्त दानशूर होऊ नको. बॉल ढेकळावर आपटून उडाला, मी बाकावरून पाहिलं." मग थोडं थांबून म्हणाले, "म्हणजे मला तसं वाटलं. मी खरं तर तिसऱ्या बेसवरच्या गड्याकडे बघत होतो. तुम्हाला काय वाटतं?"

मी लिफाफ्यावरचा पत्ता वाचू लागलो.

"हे बघा काका," ते म्हणाले, "सुखदेव जावा असं मलाही वाटतं. त्याच्यासारखा हात या भागात पुन्हा होणार नाही. एरर द्यायची तर द्या, माझा भाचा आहे म्हणून अडू नका. हिट ठेवायची तर ठेवा. वही तुमची. पण जे काय करायचं ते पावणेचारच्या आत."

सामना साडेचारला संपला होता. चोवीस तास म्हटले तरी आणि बस म्हटली तरी, वेळ तेवढाच उरला होता. मी सरांकडून कागद घेतले, वही काखेत मारली आणि सायकलवर डेपोकडे निघालो. सुखदेव त्या वेळी चेंडूच्या रेषेत उभा होता. चेंडू त्याच्या बाजूनंच गेला असणार. तो वळला असणार. त्याच्याइतकं नीट कुणी पाहिलं नसेल, असं मी स्वतःला सांगत होतो.

डेपोत सागाचे ओंडके जाडीप्रमाणे लावून ठेवलेले असतात आणि त्यांच्यामधून गल्ल्या असतात. त्यातल्या शेवटच्या गल्लीत सुखदेव सापडला. दुपारच्या चहाची सुट्टी होती. त्यानं एका उभ्या ओंडक्यावर कोळशानं चौकोन काढला होता आणि तो लांबून त्यावर चेंडू फेकत होता. फेकायचा, जाऊन उचलून आणायचा, पुन्हा फेकायचा. मला पाहून थांबला.

"या ना काका. अथी बसा, सावली हाय."

मी बसलो. तो मात्र उभाच राहिला, चेंडू या हातातून त्या हातात करत.

"सुखदेव, कालचा तो आठव्या डावातला चेंडू. हिट होता की आनंदची चूक?"

त्याला प्रश्न कळला नाही असं वाटलं. "हिट," तो म्हणाला. "तुमी लिहिलं ना."

"मी लिहिलं ते सोड. तू काय पाहिलंस?"

"आता काय सोडू? वहीत हाय ते हाय."

"तुझ्या डोळ्यांनी काय पाहिलंस ते सांग."

तो कोळशाच्या चौकोनाकडे बघत म्हणाला, "मले तर आनंदनं सोडल्यावानी वाटला. पन माहा डोळा चुकला असन. त्या टायमाले मी तुमच्याकडं पायलं. तुमी हिट म्हनलं. मंग रातभर इचार करत होतो का माह्या हातून काय चुकलं. तो वळनारा बॉल होता काका, माहा सगळ्यात चांगला. मले वाटलं बरोबर पडला. पन हिट झाला म्हनजे बरोबर नसन पडला. म्हनून सकायपासून दुसरं बोट लावून पाहून राह्यलो." त्यानं चेंडू धरलेली बोटं मला दाखवली. नवीच पकड होती ती, अवघडलेली. "तो वळनारा मी आता टाकतच नाई."

"टाकत नाही?"

"ज्याच्यावर भरोसा नाई तो कायले टाकू?"

त्यानं नव्या पकडीनं एक फेकून दाखवला. चेंडू चौकोनाच्या हातभर बाहेर लागून भलतीकडे गेला. तो आणायला गेला आणि परत येईपर्यंतचा वेळ मला मिळाला. तेवढा पुरला. आयुष्यात मी फार थोड्या गोष्टी न अडखळता बोललो आहे, त्यातली ही एक.

"सुखदेव, मी तो चेंडू पाहिलाच नाही."

"आं?"

"आधीच्या गड्याची खूण मी चुकीच्या चौकटीत केली होती. ती खोडून नीट केली. पान घाण दिसू नये म्हणून रबराचा चुरा फुंकत होतो. बॅटचा आवाज आला. मान वर केली तेव्हा चेंडू पार मागं आपल्या लेफ्ट फील्डरच्या हातात होता."

तो माझ्याकडे बघतच राहिला.

"मग सरांनी विचारलं. सगळे माझ्याकडे बघत होते. पाहिलं नाही असं म्हणायची मला लाज वाटली. तो फलंदाज बेसवर असा उभा होता की त्यानं मोठा पराक्रम केला असावा. म्हणून हिट म्हणालो."

जवळच्या गल्लीत कुणीतरी ओंडका गडगडवला. सुखदेव रागावेल, ओरडेल, अशी माझी तयारी होती. बहुधा तशी आशाच होती.

"मंग कोन पाहून राह्यलं होतं?" त्यानं विचारलं.

मी मांडीवरची वही सरळ केली.

"नाई म्हनजे," तो सावकाश म्हणाला, "आमी तर सारे बॉलमागं धावतो. आनंद आपल्याच पायाकडं पायते. सर पोरांवर ओरडत असते. मी समजत होतो का एक मानूस टेबलावर बसून नुस्तं पायते. म्हनून तर मी दर बॉल टाकला का तुमच्याकडं पायतो. तुमाले मालूम नसन."

नव्हतं मालूम. तो बघायचा तेव्हा माझी मान खाली असायची.

"आधीच्या चार मॅची?" त्यानं विचारलं. "त्या पायल्या होत्या ना?"

"पाहिल्या होत्या." मग मला खरंच आठवेना की सगळे चेंडू पाहिले होते का. "बहुतेक," मी म्हणालो.

तो एकदम हसला. पुढेही मी त्याला कधी असं हसताना पाहिलं नाही. "बहुतेक!" तो म्हणाला. "वा काका!"

मी वही उघडली. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. "एरर लिहितो," मी म्हणालो. "आनंद स्वतः सांगतोय, तूही पाहिलंस. दोन पूर्णांक आठ होतात. तू शिबिराला जाशील."

"अन् हे लिहान का? का तुमी पायलं नाई म्हनून?"

हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. नागपूरच्या कागदाच्या खाली शेऱ्याची एक रिकामी ओळ असते. तिथं बहुतेक वेळा मी 'हवामान स्वच्छ' असं लिहायचो.

"लिहिलं तर ते लोक सामना धरतील की नाही सांगता येत नाही," मी म्हणालो. "नाही धरला तर तुझे पाच सामने भरत नाहीत. चारच होतात. तू सांगशील तसं करतो."

"मी कसा सांगू? माहं नाव हाय त्याच्यात."

"तरी."

तो ओंडक्यावर बसला, माझ्या शेजारी. चेंडू मांडीवर ठेवला. कुठंतरी सुट्टी संपल्याची घंटा झाली, तरी उठला नाही.

"काका, तुमी एरर लिहिली अन् ते नाई लिहिलं, त मले परत रातभर डोक्यात हेच, का हे खरं हाय का नाई." तो उठला, पँट झटकली. "जसं झालं तसं लिहून टाका. मले माहा वळनारा बॉल परत पायजे."

मी आधी वहीत आणि मग नागपूरच्या कागदावर खोडलं. हिट पुसून तिथं एरर केली, सहावा खेळाडू, म्हणजे वहीच्या खुणेत शॉर्टस्टॉप. कागद खरबरीत झाला आणि चौकट काळपट पडली. चुरा फुंकला नाही, तसाच राहू दिला. शेऱ्याच्या ओळीत लिहिलं, 'आठव्या डावातील सदर चेंडू स्कोअररने पाहिला नाही. निर्णय खेळाडूंच्या सांगण्यावरून बदलला.' खाली सही केली.

तायडे सरांनी ते वाचलं तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला. "हे काय केलंत? हे पाठवू मी? नुसती एरर लिहायची, कोण विचारायला येणार होतं?" मी खाली बघत उभा राहिलो. "तो काय म्हणाला?" त्यांनी शेवटी विचारलं. मी सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले, मग डिंकाची बाटली स्वतःकडे ओढली. चारच्या गाडीनं लिफाफा गेला.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. पाचवा सामना ग्राह्य धरता येत नाही. चार सामन्यांची सरासरी दोन पूर्णांक पंचाहत्तर होती, अगदी उत्तम. पण सामने चारच. सुखदेवचं नाव यादीत नव्हतं.

त्या उत्तरापूर्वीच सहावा सामना होऊन गेला होता. मी मैदानावर जायला तयार नव्हतो. आनंद घरी आला, माझी वही स्वतःच काखेत मारून चालू लागला, तेव्हा मागून जावं लागलं. आनंदनं सगळ्यांना सगळं सांगितलं होतं, हे टेबलापाशी पोचल्याबरोबर कळलं. गोलूनं खुर्चीवर कुणाचा तरी फुटका चष्मा ठेवला होता. पोरं हसली. मी तो उचलून बाजूला ठेवला आणि बसलो.

सुखदेव उंचवट्यावर गेला. फलंदाज तयार होता, कॅचरनं ग्लव्ह पुढं धरला होता. मी नेहमीप्रमाणे वर तारीख आणि संघांची नावं लिहीत होतो. बराच वेळ काही होईना. समोरच्या संघातून कुणीतरी ओरडलं, "अबे टाक ना! पंचांग पायतो का?" तरी काही नाही.

मी मान वर केली. सुखदेव माझ्याकडे बघत होता. त्यानं एकदा मान हलवली, वळला आणि टाकला. वळणारा चेंडू होता. फलंदाजाची बॅट त्याच्या वरून निघून गेली.

दुसऱ्या चेंडूआधी तो पुन्हा थांबला.

हंगामाचे उरलेले पाचही सामने असंच चाललं. दर चेंडूआधी तो टेबलाकडे बघायचा आणि माझे डोळे त्याच्यावर आहेत हे कळल्याशिवाय टाकायचा नाही. माझं अक्षर त्या पाच पानांवर फार वाईट आहे. खाडाखोड आहे, खुणा ओळीबाहेर गेल्या आहेत. त्यातले चार सामने आम्ही जिंकलो.

पुढच्या वर्षी तायडे सरांची बदली झाली आणि संघ मोडला. सुखदेव शिबिराला कधीच गेला नाही. वनखात्यात तो लागला, पण सहा वर्षांनी, धावण्याच्या परीक्षेतून. त्याची सहा वर्षं त्या ओळीमुळे गेली का, हे मी बरेचदा मनात मांडून पाहिलं. आणि ती ओळ मी त्याच्यासाठी लिहिली की माझ्यासाठी, हेही. त्यानं लिहायला सांगितलं हे खरं. पण त्याला विचारणारा मीच होतो.

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. वाचनालयातून निवृत्त होऊन मला एकोणीस वर्षं झाली, तरी सकाळी मी तिथं जाऊन बसतो. असाच एक जाडजूड ग्रंथ वाचत होतो. किती वेळ गेला कोण जाणे. कसल्याशा जाणिवेनं वर पाहिलं तर दारात खाकी गणवेशातला एक माणूस उभा होता. केस पिकलेले, हातात टोपी. उजवा खांदा जरा खाली झुकलेला.

"सुखदेव! अरे, केव्हा आलास?"

"झाले दहा-पंधरा मिनिटं."

"मग आवाज नाही का द्यायचा?"

तो तसाच उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"तुमी मान वर केल्याबिगर," तो म्हणाला, "मी कधी टाकला का काका?"